पाण्याची पाळी

प्लॉट एकेचाळीस, पत्र्याची खोली, दीड एकर काळं रान,
एवढं लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवून
माझा बाप, केरबा तानू डवर,
करंजघोलातनं कागलच्या खाली आला,
सामानाच्या ट्रकात, म्हशीचं तोंड धरून.

मी सात वर्षांची. मांडीवर कोंबड्यांची डालगी.
आईनं चुलीचे तीन दगड घेतले होते.
ड्रायव्हर हसला, "खाली काय दगड मिळत न्हाईत?"
खरंच मिळत नव्हते.

काळ्या मातीनं पहिल्याच वर्षी
त्याची पायताणं ओढून घेतली.
नाचणीचा तरवा टाकणारा माणूस
उसाची कांडी उलटी लावायचा, डोळा खाली.
गाववाले बांधावर बसून बघायचे.
'धरणवाला' म्हणायचे त्याला,
जसं काही धरण त्यानंच बांधलं.

चौथ्या वर्षी त्याचा ऊस त्यांच्या उसापेक्षा हातभर उंच गेला.
तरी इरलं खुंटीवरच राहिलं.
इथल्या पावसाला छत्रीसुद्धा फार व्हायची.
इरल्यात पाली राहायच्या.

कालव्याला पाणी सुटलं की
तो मला रात्रीचं उठवायचा, बॅटरी धरायला.
चारीचं दार वर घ्यायचा,
पहिली ओंजळ नाकाशी न्यायचा.
"आपल्या उंबऱ्यावरनं आलंय हे.
सारवणाचा वास येतोय बघ."
मला चिखलाचा यायचा.
मी हो म्हणायचे.

थोरल्याला त्यानं जन्मात एकदाच मारलं.
सातवीच्या वहीत 'माझे गाव' असा निबंध,
आणि खाली वसाहतीचं नाव.
मग रात्रभर त्याचेच पाय चेपत बसला.
उजाडताना म्हणाला,
"बरोबर हाय तुझं. गुर्जींस्नी दाखीव."

मसणवट्याच्या जागेसाठी बारा अर्ज केले.
प्रत्येकाची झेरॉक्स, खताच्या पिशवीत गुंडाळून, आढ्याला.
"जित्यांची सोय लावली, सायेब,
आता मेलेल्यांचं बी बघा की."
साहेबांनी चहा पाजला.

माघात गेला.
धार काढताना, म्हशीच्या कुशीला डोकं टेकून.
आई सांगते, म्हैस हलली नाही.
चरवी दोन गुडघ्यांत तशीच,
अर्धी भरलेली, फेस न मोडलेला.

गावातून निरोप आला, पंचांना विचारून सांगतो.
दिवस कलला तरी कुणी सांगितलं नाही.
मग आम्ही आमचाच तीन गुंठे ऊस तोडला,
कोवळा, कारखान्याची तोड यायच्या आधी,
आणि तिथं त्याला ठेवला.
बाबगोंडा मगदूम,
एके काळी बांधावर बसून सगळ्यांत मोठ्यानं हसणारा,
गाडीभर शेणी घेऊन आला.
बोलला काही नाही.
स्वतःच्या हातानं रचल्या,
खालची एक हलत होती, ती काढून परत बसवली.

रक्षा थोरल्यानं धरणावर नेली, जीप करून.
वर नुसतं पाणी.
नावाड्यानं अंदाजानं वल्हं थांबवलं,
"इथं असंल बघा तुमचं घर. न्हाईतर थोडं पलीकडं."
थोरला म्हणाला, चालतंय.

बाराव्याच्या रात्री पाळी आमची आली.
सुतक आहे म्हणून कालवा थांबत नाही.
आई म्हणाली, जा.
मी बॅटरी दातांत धरली,
दार दोन्ही हातांनी वर घेतलं.
इतकं जड असतं, हे त्यानं कधी कळू दिलं नव्हतं.

आधी पाचोळा आला, मग फेस,
मग एक प्लास्टिकची चप्पल,
मग पाणी.

ओंजळ भरून घेतली.
नाकाशी नेली नाही.
तशीच पहिल्या सरीत सोडली
आणि दुसरी सरी फोडायला खोरं उचललं.